थर्माकोलाचा वेढा आणि सदोबा काळोखे यांची उडी

श्री. जो विघ्ने हरितो त्यास पहिले नमन, जी विद्या देते तिला दुसरे नमन, आणि जो दुसऱ्याचे ओझे डोईवर घेऊन घाट उतरतो त्यास तिसरे नमन. राज्यशक एकशे सत्तावीस, दुर्मुख नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी, ते समयी या राज्यात जे वर्तमान जाहले ते जसे घडले तसे लिहिले आहे. पदरचे तिखटमीठ लाविले नाही.

राज्य थोर. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी पेठ, पेठेपुढे नदी, आणि पदरी अठरा कारखाने. त्यांत मानाचा कारखाना तो वीजखाना. वीजखान्यात बोलके आरसे बनत. आरसा तळहाताएवढा, पाठीशी चिमूटभर वीज कोंडलेली. जागा केला म्हणजे वेळ सांगे, वाट सांगे, हिशोब सांगे, विचारले तर बोले आणि न विचारले तरी बोले. परंतु काच पडली की तडकावयाची. म्हणून आरसा निजवावा, आणि मग त्यास वेष्टणखान्यात न्यावा, आणि तेथे त्यास आधी पातळ पापुद्र्यात, मग मखमलीत, मग खोक्यात, मग मोठ्या खोक्यात, मग पांढऱ्या थर्माकोलात, मग फुग्यांच्या कागदात, मग पेटाऱ्यात आणि मग मेणकापडात बांधावा, अशी चाल होती. आत एक बारीक पुडी घालीत, तीवर 'खाऊ नये' इतकेच लिहिलेले असे, म्हणून लोक ती न खाता देवघरात ठेवीत. आणि ज्याचा मान थोर त्याची वेष्टणे अधिक, असा रिवाज पडला होता. त्यामुळे एका सरदारांस आरसा आला तो हत्तीएवढ्या पेटाऱ्यात आला, सरदारांनी चार दिवस वेष्टणे सोडविली, पाचवे दिवशी थकले, आणि आरसा न सापडताच 'फार उत्तम जिन्नस आहे' असा जबाब हुजुरात पाठविते जाहले.

वेष्टणखान्याचे मुखत्यार जिवाजीराव घारे. गृहस्थ मोठे रुबाबदार, स्वतः अंगावर तीन अंगरखे घालीत. आणि त्यांचे शेजारी आपटखाना, त्याचे दारोगा सदोबा काळोखे. आपटखान्याचे काम असे की बांधून तयार झालेला जिन्नस बुरुजावरून एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहाही बाजूंवर क्रमाने आपटावा, मग सोडून पाहावा, आणि आत आरसा शाबूत असला तर शिक्का मारावा. सदोबांचा या कामी हात धरणारा कोणी नव्हता. कोपरा किती अंश कलला हे ते नजरेने सांगत, आवाजावरून काच गेली की राहिली हे ओळखीत. फक्त एक गोष्ट अशी की, सदोबा कधी बुरुजावर चढले नाहीत. हमाल वर जात, सदोबा खाली उभे राहून 'टाका!' म्हणत. लोकांस वाटे, ही दारोग्यांची शिस्त. परंतु घरच्यांस ठाऊक होते की सदोबांस उंचीचे भय आहे, आणि पाटावरून उठतानादेखील ते भिंत धरितात.

आता रिकाम्या वेष्टणांचे काय, म्हणाल तर त्यांस किल्ल्यामागची दरी नेमून दिली होती. मेणकापड उंदरांनी नेले, खोकी पावसाने नेली, थर्माकोल मात्र कोणी नेईना. ते कुजेना, बुडेना, शेळ्यांनी हुंगून सोडिले. दरी भरली, मग तेथे टेकडी जाहली, आणि मग टेकडी किल्ल्याहून उंच जाहली. शेजारच्या राजाने दुरून पाहिले आणि 'आपले राज्यात बर्फ पडू लागले, बहुत आनंद वाटला' म्हणून वकील पाठविला. सरदारांनी उंच जागा पाहून टेकडीवर चौकी बसविली, ती पहिल्याच वाऱ्यात चौकीदारासुद्धा नदीपार गेली. चौकीदार तिकडेच लग्न करून राहिला.

मग वर लिहिले तिथीस मोठा वारा सुटला आणि टेकडी उठून शहरावर चालून आली. पहाऱ्याने आरोळी दिली, दरवाजे लाविले, तोफखान्यास हुकूम जाहला, आणि गोलंदाजांनी नेम धरून मारा केला. परंतु एका तुकड्यास गोळा लागे आणि त्याचे शंभर होत, आणि शंभरांस लागे आणि त्यांचे दाणे होत, ऐसा शत्रू माराने वाढला आणि तटावरून, फटींतून, जाळ्यांतून आत आला. पेठ पांढरी जाहली. विहिरी पांढऱ्या जाहल्या. महाराज दरबारात बसले होते, त्यांचे दाढीस, मिशांस आणि रेशमी जाम्यास दाणे चिकटले. महाराज झटकू लागले. जितके झटकावे तितके अधिक चिकटे. सदोबा मागल्या रांगेत उभे होते, त्यांस कारण ठाऊक होते की रेशीम घासले म्हणजे त्यास वीज चढते आणि हलका दाणा त्याकडे ओढला जातो. तेव्हा झटकू नये, ओले फडके फिरवावे. परंतु विचारल्यावाचून बोलण्याची दरबारी चाल नव्हती, आणि ओल्या फडक्याविषयी कोणी विचारीत नव्हते. इतक्यात चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेब हसल्या आणि बोलिल्या, "साबुदाण्याच्या खिचडीत तोंड घातल्यागत दिसतंय!" मग सारा दरबार हसू दाबून खोकला, आणि महाराजांची मर्जी बिघडली.

महाराज बोलिले, "जिवाजीराव, हे काय आहे?" जिवाजीराव मुजरा करून बोलिले, "हे आपल्या वैभवाचे उरलेले, महाराज." महाराज बोलिले, "वैभव आमच्या नाकात जाते आहे. आजपासून थर्माकोल बंद. मातीत टाकिले तर माती होईल, असे वेष्टण करून आणा."

जिवाजीरावांनी महिनाभर खपून उसाच्या चिपाडाचा लगदा केला, आणि साच्यात दाबून त्याचा खोका केला, आणि खोक्यावर वेलबुट्टी उठविली. मग तो दरबारात आणिला. चौघा हमालांनी मोठे ओझे उतरिले. महाराजांनी पाहिले तो वर फुग्यांचा कागद, कागदाखाली थर्माकोल, थर्माकोलाच्या आत तो खोका. महाराज बोलिले, "वरचे हे काय?" जिवाजीराव बोलिले, "महाराज, चिपाडाचा खोका नाजूक. दवाने भिजतो, कोपरे मुडपतात. मातीत जाईपर्यंत तो शाबूत राहावा म्हणून त्यास थर्माकोल घातले." महाराज बोलिले, "आणि आरसा?" तेव्हा जिवाजीराव गडबडले, कारण खोक्याच्या नादात आरसा घालावयाचा राहून गेला होता.

मग महाराजांची दृष्टी मागल्या रांगेत गेली आणि सदोबांवर ठरली. महाराज बोलिले, "दारोगे, तुम्ही जन्मभर जिन्नस आपटले. जिन्नस कशाने फुटतो हे तुम्हांवाचून कोणास ठाऊक? वेष्टण तुम्ही करा. मार्गशीर्षाच्या पुनवेस आम्ही पाहू." सदोबांनी 'जशी आज्ञा' म्हटले, आणि म्हणता म्हणता शेजारचा खांब धरिला. कारण राज्यात जामीनउडी म्हणून जुना रिवाज होता, तो असा की नवे वेष्टण चालू करावयाचे तर जो त्याचा जामीन त्याने स्वतः त्या वेष्टणात बसावे, आणि हमालांनी त्यास बुरुजावरून खाली सोडावे, आणि तो उठून मुजरा करील तर वेष्टण खरे. थर्माकोलाचे वेळी सदोबांचे आजे असे सोडिले होते; आजे उसळून दोनदा वर आले आणि तिसऱ्यांदा भुईस टेकले, ही गोष्ट घरात कौतुकाने सांगत. परंतु थर्माकोल आता बंद होते. जिवाजीराव जवळ येऊन हळूच बोलिले, "काळजी करू नका, दारोगे. वरून सारे राज्य फार सुंदर दिसते."

सदोबा घरी आले. त्यांचे कुटुंब ठकूबाई चुलीपाशी भाकरी थापीत होत्या. सर्व ऐकून त्या बोलिल्या, "मग नाही म्हणायचं होतं." सदोबा बोलिले, "महाराजांस नाही कसे म्हणू?" ठकूबाई बोलिल्या, "मला तर रोज म्हणता. माळ्यावरचा हंडा काढा म्हटलं की कंबर धरते तुमची." मग भाकरी उलटून त्या बोलिल्या, "ऐका, जे काय कराल ते जाडजूड करा. मला हा कुंकवाचा करंडा रिकामा ठेवायचा नाही." आणि इतके बोलून डोळे धुराने भरले म्हणून पदर लाविला, परंतु त्या दिवशी चुलीस धूर नव्हता, हे सदोबांनी पाहिले.

मग सदोबा कामास लागले. काथ्या पिंजून त्यात आरसा बांधिला आणि बुरुजावरून टाकविला, तो तडकला. भाताचे तूस भरिले, ते वाटेत गळून गेले. अळंबीच्या तंतूंस कोंड्यात वाढवून त्याचे वेष्टण केले, ते हलके आणि चिवट निपजले, सदोबा हर्षित जाहले. परंतु हवा ओलसर, आणि अळंबी जिवंत, ती वाटेत वाढत गेली, आणि परगण्यास पोचेतो बैलगाडी तीत गुंतली. गाडीवान बैल सोडवून चालत आला आणि 'तुमचा आरसा मोठा झाला, आता तुम्हीच न्या' म्हणून बोलून गेला. ऐसे करिता कार्तिक सरला.

तेव्हा सदोबांनी आजवर काय फुटले आणि कोठे फुटले याचा विचार केला. आणि त्यांच्या ध्यानात आले की जे आरसे आपटखान्यात आपटून टिकले तेच वाटेत फुटले आहेत. मोठमोठ्या पेटाऱ्यांत फुटले, आणि कोण्या गरिबाने फडक्यात बांधून नेलेला आरसा मात्र घाट उतरून शाबूत गेला आहे. हे कोडे त्यांस सुटेना. अंगी चिकित्सा मोठी, आणि पुनव जवळ आलेली. मग त्यांनी मनाशी ठरविले की उडीच्या आधी वाट तरी आतून पाहावी. चिपाडाचा मोठा खोका घेतला, त्यात काथ्या भरिला, श्वासास छिद्रे पाडिली, आणि कोणास न सांगता सकाळच्या पहिल्या खेपेत आत शिरून बसले.

हमाल आले. त्यांचा नाईक हैबती, आवाज नगाऱ्यासारखा. सदोबा आत काळोखात गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होते. एक हमाल बोलिला, "नाईक, ह्यो लई जाड दिसतोय." हैबती बोलिला, "जाड हाय न्हवं? मग फेक." दुसरा बोलिला, "फुटंल की." हैबती बोलिला, "अरं, फुटू नये म्हणून तर एवढं कातडं चढिवलंय त्याला! आपण न्हाई फेकलं तर त्या बिचाऱ्या वेष्टणखान्यानं मेहनत कशापायी करायची? फेक!" आणि खोका गाडीत पडला. सदोबांनी मनात नोंद केली: बाजू तिसरी. मग गाडी चालली, मग उतार लागला, मग खोका काढून उताराने सोडून दिला, कारण तो आपोआप जातो असे हमालांचे मत पडले. सदोबांनी कोपरा ओळखिला, कड ओळखिली, मग पुन्हा कोपरा, आणि मग त्यांस काही ओळखेना, आणि तेव्हा त्यांचे तोंडून मोठ्याने निघाले, "अरे हळू रे बाबांनो!"

खोका थांबला. हमाल थांबले. बैलही थांबले. एक जण मागे सरून बोलिला, "नाईक, खोका बोलला." हैबती बोलिला, "कोण हाय आत?" सदोबा बोलिले, "मी. काळोखे." मग काय विचारता! हमालांनी खोका फुलासारखा उचलिला, सावलीत ठेविला, छिद्रातून पाणी पाजिले, एकाने उपरण्याने वारा घातला, आणि हैबती खोक्यास तोंड लावून बोलिला, "दारोगासाहेब, असं गुपचूप बसत्यात व्हय? सांगायचं न्हाई का!" सदोबा बोलिले, "बाहेर काढा मला." परंतु हमालांनी ऐकिले नाही, 'खेप लिहिली हाय, पोचवायलाच पायजे' म्हणून त्यांस खोक्यासकट खांद्यावर घेतले, आणि खड्डा आला की 'साहेब, खड्डा हाय', वळण आले की 'साहेब, डावीकडं कलतोय', ऐसे सांगत घाट उतरिला. सदोबांचे पोटातले पाणी हालले नाही. आणि आत बसल्या बसल्या त्यांस सारे उमगले. जिन्नस फुटू नये म्हणून वेष्टण, आणि वेष्टण आहे म्हणून फेकणे, आणि फेकतात म्हणून आणखी वेष्टण, ऐसा हा फेरा आहे. आरसा बोलका, आणि आपण त्यास निजवून, तोंड बांधून पाठवितो! तो जागा असता तर कोणा हमालाची छाती आहे त्यास फेकण्याची?

मार्गशीर्षाची पुनव आली. खाली दरबार भरला. महाराज आले, दाढीत अजून चार दाणे होते. राणीसाहेब आल्या, जिवाजीराव चार अंगरखे घालून आले, ठकूबाई बायकांच्या गर्दीत पुढे येऊन उभ्या राहिल्या आणि करंडा पदरात घट्ट धरिला. सदोबांनी आपले वेष्टण महाराजांसमोर मांडिले, ते म्हणजे केळीच्या सोपाच्या दोरीचे एक शिंके, आणि त्यात आठ दिवस घरच्या फडताळावर जागा ठेविलेला आरसा. बाकी काही नाही. महाराज बोलिले, "इतकेच?" सदोबा बोलिले, "इतकेच, महाराज. आरसा जागा ठेवावा आणि त्याने हमालांशी बोलत जावे." दरबारात कुजबूज जाहली. जिवाजीराव पुढे सरसावून बोलिले, "उत्तम! मग रिवाजाप्रमाणे दारोग्यांनीही इतक्याच वेष्टणात उडी घ्यावी. शिंके मोठे करून देतो, दोरी माझ्याकडून." महाराजांनी सदोबांकडे पाहिले. सदोबांनी मान हलविली. मनात योजिले होते ते असे की आपणही बोलावे. वरून हमालांस 'हळू' म्हणावे, की त्यांस फेकवणार नाही.

मग सदोबा शिंक्यात बसले, आरसा मांडीवर घेतला, आणि हैबती व तिघे हमाल त्यांस बुरुजावर नेते जाहले. वर वारा होता. सदोबांनी डोळे मिटले होते, परंतु एकदा उघडले, आणि खाली दरबार मुठीएवढा दिसला. बोलावे तर शब्द येईना. 'ह' येई, पुढे काही येईना. जिवाजीराव खालून ओरडले, "टाका!" हमालांनी शिंके तटाबाहेर धरिले. ठकूबाईंनी डोळे झाकिले नाहीत. आणि सदोबा गप्प, ऐसे गप्प की खोकादेखील अधिक बोलला असता.

तेव्हा मांडीवरचा आरसा बोलिला, "हैबतीमामा, जरा जपून. ह्यांना उंचीचं भय आहे. घरी पाटावरून उठताना भिंत धरतात."

हैबती बोलिला, "आरं तिच्या! दारोगासाहेब, जन्मभर आम्हांला वर चढवून सोता खाली उभं ऱ्हायचं कारण ह्ये व्हय?" आणि हमाल हसले, आणि शिंके आत ओढिले. खालून जिवाजीराव ओरडले, "टाका म्हणतो ना! रिवाज आहे!" हैबती वाकून बोलिला, "टाकतोय की, सरकार. सावकाश टाकतोय." आणि चौघांनी सदोबांस खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरावयास आरंभ केला. आरसा पुढली वाट सांगे, "मामा, पुढची पायरी मोडकी आहे," आणि हमाल म्हणत, "बघितली रं बाबा." दरबार वर पाहत उभा राहिला. मध्ये एकदा हमाल तंबाखू मळावयास बसले, तेव्हा महाराजांनी विचारिले, "काय, पडले का?" आणि चोपदाराने वर पाहून उत्तर दिले, "पडताहेत, महाराज." ऐसी ती उडी दुपारपर्यंत चालली. अखेर शिंके भुईस टेकले, सदोबा उठले आणि मुजरा पुरा केला.

जिवाजीराव बोलिले, "ही उडी नव्हे, महाराज! हे तर उतरणे जाहले!" महाराज हैबतीस बोलिले, "का रे? हुकूम टाकण्याचा असता टाकिले का नाही?" हैबती बोलिला, "महाराज, जिन्नस बोलाया लागल्यावर टाकवत न्हाई. तुम्ही एकदा टाकून बघा." महाराज बोलिले, "परीक्षा जिन्नस शाबूत पोचण्याची, की आपटण्याची?" आणि महाराजांनी सदोबांकडे पाहिले, बोटे पाहिली, दात पाहिले, आणि बोलिले, "शाबूत आहे. शिक्का मारा." परंतु शिक्का मारणाराच आज जिन्नस होता, म्हणून शिक्का ठकूबाईंनी मारिला. मग सदोबांस विचारण्यात आले की आणखी काही सांगणे आहे काय, ते बोलिले, "महाराज, दाढीस ओले फडके फिरवावे." फिरविले, आणि चारही दाणे निघाले.

येणेप्रमाणे राज्यात वेष्टणे बंद जाहली. आरसे जागे राहून शिंक्यांतून जाऊ लागले आणि फुटेनासे जाहले. उणे इतकेच की वाट चालता हमालांची भाषा त्यांस लागली. राणीसाहेबांचा नवा आरसा त्यांस 'मावशे' म्हणू लागला, आणि काही आरसे गप्पांत रमून पोचल्यावरही शिंक्यातून उतरेनात. जिवाजीरावांस टेकडीची राखण दिली. ती अद्याप आहे, आणि वारा सुटला की ते अंगरख्यांसुद्धा पांढरे होऊन घरी येतात. आपटखाना चालू आहे, परंतु आपटण्यास काही येत नाही. सदोबा घरीच असतात. पाटावरून उठताना भिंत अजून धरितात, आणि फडताळावरून आरसा म्हणतो, "हळू, काळोखे, हळू," आणि ठकूबाई भाकरी टाकून हात द्यावयास येतात. जेवढे घडले तेवढे लिहिले. उरले ते वाहणाऱ्यांस पुसावे.